एकदाच निवडून आलेले ठाण्याचे खासदार

ठाणे जिल्ह्यातील जुन्या निवडणुकांवर गेल्या अंकात जे टिपण आले होते, त्यात शामराव परुळेकर यांच्या वाट्याला एकच ओळ आली होती : ‘१९५७ मध्ये ठाण्यातून लोकसभेवर, कम्युनिस्ट पक्ष, एकच कार्यकाळ.’ त्या एका ओळीवर चार वाचकांनी प्रश्न पाठवले आहेत. ओळ अपुरी होती, हे मान्य करून या वेळचा सगळा स्तंभ त्यांच्यासाठीच ठेवला आहे.

प्रश्न : माझे आजोबा नौपाड्यात राहत असत. सत्तावन साली आपण लोकसभेसाठी दोन मते दिली, असे ते नेहमी सांगत, आणि आम्ही नातवंडे त्यांना हसत असू. त्या वेळी ठाण्याचे खासदार कम्युनिस्ट होते, असेही ते म्हणत. आपल्या टिपणामुळे दुसरी गोष्ट खरी ठरली. मग पहिलीचे काय?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

आजोबांची पहिली गोष्टही खरीच आहे. १९५७च्या लोकसभा निवडणुकीत देशात ४०३ मतदारसंघ होते आणि जागा मात्र ४९४ होत्या. हा फरक पडला तो ९१ मतदारसंघ द्विसदस्यीय, म्हणजे प्रत्येकी दोन खासदार निवडून देणारे, असल्यामुळे. जेथे अनुसूचित जातींची किंवा जमातींची लोकसंख्या मोठी होती तेथे एक जागा राखीव आणि एक सर्वसाधारण अशी जोडी करण्यात आली होती. ठाणे हा असाच मतदारसंघ होता. येथील राखीव जागा आदिवासींसाठी होती आणि तिच्यावर लक्ष्मण महादू मातेरा निवडून आले. दुसऱ्या जागेवर परुळेकर. दोघेही कम्युनिस्ट पक्षाचे होते. त्या वर्षी संपूर्ण द्वैभाषिक मुंबई राज्यातून या पक्षाचे चारच खासदार लोकसभेत गेले. त्यांपैकी दोन एकट्या ठाण्याचे होते, उरलेले दोघे म्हणजे मुंबईतून श्रीपाद अमृत डांगे आणि साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील.

मत देण्याची पद्धतही आजच्यासारखी नव्हती. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे, तिच्यावर त्याची निशाणी चिकटवलेली असे, आणि मतदाराने आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची असे. द्विसदस्यीय मतदारसंघात मतदाराच्या हाती दोन मतपत्रिका देत आणि त्या दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकाव्या लागत. एकाच उमेदवाराला दोन्ही मते देण्याची मुभा नव्हती. आजोबांनी ‘दोन मते दिली’ म्हटले ते याच अर्थाने.

मोजणीचा नियम आणखी गमतीचा होता. आधी राखीव प्रवर्गातील उमेदवारांपैकी ज्याला सर्वाधिक मते असतील त्याला राखीव जागेवर विजयी घोषित करीत, आणि नंतर उरलेल्या सर्व उमेदवारांत, मग ते कोणत्याही प्रवर्गाचे असोत, जो पुढे असेल त्याला दुसरी जागा मिळे. याचा फटका पुढे राष्ट्रपती झालेल्या व्ही. व्ही. गिरींनाच याच निवडणुकीत बसला. आंध्रातील पार्वतीपुरम मतदारसंघात दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांकडे गेल्या आणि गिरी पराभूत झाले. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण १९५९ मध्ये न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. त्यानंतर १९६१ मध्ये कायदा करून द्विसदस्यीय मतदारसंघच रद्द करण्यात आले. नातवंडांनी हसावे, इतकी ती पद्धत त्यामुळे लवकर विस्मरणात गेली.

प्रश्न : परुळेकर हे मूळचे ठाण्याचे होते काय? खासदार होण्यापूर्वी ते काय करीत असत? एकदम कुठून तरी येऊन ते निवडून आले असतील, असे वाटत नाही.
— एक निवृत्त शिक्षिका, कळवा

ते एकदम आलेले नव्हते, हे आपले अनुमान बरोबर आहे. किंबहुना परुळेकरांच्या आयुष्यात खासदारकी फार उशिरा येते. त्यांच्या सार्वजनिक जीवनाची सुरुवात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ मध्ये स्थापन केलेल्या भारत सेवक समाजातून झाली. नेमस्त, अभ्यासू, अर्ज-विनंत्यांवर आणि आकडेवारीवर विश्वास ठेवणारी ही संस्था होती. तिच्या वतीने ते कामगार चळवळीत काम करीत, आणि जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेतही त्यांनी भारतीय कामगारांचे प्रतिनिधित्व केले होते. पुढे त्यांच्या सहचारिणी झालेल्या गोदावरी गोखले याही याच समाजाच्या सदस्य होत्या. पुण्याच्या वकिली पेशातील घराण्यातून आलेल्या गोदावरीबाई महाराष्ट्रातील पहिल्या महिला कायदा पदवीधर म्हणून ओळखल्या जातात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७च्या प्रांतिक निवडणुकीत परुळेकर या पक्षातर्फे रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबई विधानसभेवर निवडून आले. तेव्हाचा मताधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर बेतलेला होता. ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ३ कोटी मतदार, म्हणजे लोकसंख्येच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास. कोकणातील ज्या कुळांच्या बाजूने हा पक्ष उभा होता त्यांपैकी बहुसंख्यांना मतच नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या विजयाचे वजन कळते. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये खोती, म्हणजे कुळांकडून खोतांनी सारा वसूल करण्याची, पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याला बळ देण्यासाठी जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकरी बोटींनी आणि पायी मुंबईत आले व त्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. त्या मोर्चाच्या आघाडीला परुळेकर होते. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कामगारांच्या संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध मुंबईत जो एक दिवसाचा संप झाला, त्यात बाबासाहेबांचे अनुयायी आणि कम्युनिस्ट एकत्र आले होते. परुळेकरांच्या पुढील वाटचालीकडे पाहता, हा दिवस त्यांच्यासाठी बराच निर्णायक असावा, असे मला वाटते.

विधिमंडळातून मात्र हाती फारसे लागले नाही. खोतीचे विधेयक मंजूर झाले नाही. ती प्रथा कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९च्या अधिनियमाने. १९३९च्या अखेरीस महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि राज्यपालांचा कारभार सुरू झाला. त्याच वर्षाच्या सुमारास परुळेकर आणि गोदावरीबाई विवाहबद्ध झाले, भारत सेवक समाज मागे राहिला आणि दोघेही कम्युनिस्ट पक्षात आले. नेमस्तांच्या संस्थेतून लाल बावट्याखाली जाणारी माणसे त्या काळातही थोडीच होती. १९४० मध्ये युद्धविरोधी चळवळीमुळे दोघांना तुरुंगात टाकण्यात आले आणि सुटकेनंतर त्यांनी किसान सभेचे, म्हणजे शेतकऱ्यांच्या संघटनेचे, काम हाती घेतले. तेथून ठाणे जिल्हा त्यांच्या आयुष्यात येतो.

जानेवारी १९४५ मध्ये कल्याण तालुक्यातील टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिला उंबरगाव तालुक्यातून काही वारली आले होते, आणि त्यांनी सांगितलेली हकिकत ऐकून पुढचे सगळे घडले. वारल्यांची जमीन सावकार-जमीनदारांकडे गेलेली होती आणि त्याच जमिनीवर त्यांना वेठीने, म्हणजे फुकट, राबावे लागे. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेतले की नवराबायको दोघेही त्याच्या घरी गडी म्हणून अडकत. यालाच ‘लग्नगडी’ म्हणत, आणि हे कर्ज आयुष्यभर फिटत नसे. मुंबईपासून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर हे चालू होते, आणि ठाण्या-कल्याणच्या सुशिक्षित घरांत त्याची फारशी वार्ताही नव्हती. ही आपली गोष्ट आहे, म्हणून ती टाळून पुढे जाऊ नये.

२३ मे १९४५ रोजी झरी या गावी सुमारे ५,००० आदिवासी जमले आणि यापुढे वेठ करायची नाही, अशी शपथ त्यांनी घेतली. वेठबिगार आणि लग्नगडी या प्रथा काही आठवड्यांत मोडल्या, कारण त्या ज्याच्या जोरावर चालत ती भीतीच मोडली होती. मग प्रश्न मजुरीचा आला. ५०० रत्तल गवत कापण्याला अडीच रुपये आणि जंगलातील कामाला दिवसाकाठी किमान सव्वा रुपया, अशी मागणी होती. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला पोलिसांनी जमावावर गोळीबार केला आणि जेठ्या गांगड याच्यासह पाच जण ठार झाले. गोदावरीबाई येणार असल्याची खोटी वार्ता पसरवून लोकांना तेथे जमवण्यात आले होते. पुढच्या वर्षी, प्रांतात काँग्रेसचे सरकार आलेले असतानाही, परुळेकर पतिपत्नीला जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. परुळेकरांनी या उठावावर इंग्रजीत पुस्तिका लिहिली. गोदावरीबाईंनी पुष्कळ वर्षांनी, १९७० मध्ये, ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक लिहिले आणि त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठी वाचकाला हा लढा मुख्यतः त्यांच्या पुस्तकातून ठाऊक आहे आणि त्यामुळे त्यात शामराव जरा मागच्या रांगेत दिसतात.

थोडक्यात, १९५७ मध्ये परुळेकर ठाण्यातून उभे राहिले तेव्हा ज्या जिल्ह्यातून त्यांना घालवून देण्यात आले होते, त्याच जिल्ह्याकडे ते मत मागत होते.

प्रश्न : मग इतके काम असलेला माणूस एकदाच का निवडून आला? आणि पाच वर्षांत त्यांनी ठाण्यासाठी काय केले?
— एक तरुण वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई

आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर मला सोपे वाटते. १९५७चा विजय हा वारली लढ्याचा आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेचा एकत्रित विजय होता. डहाणू, तलासरीच्या बाजूला मते लाल बावट्याला पडली असतील. परंतु ठाणे, कल्याणच्या मध्यमवर्गीय मतदाराने विळा-कणसाच्या पेटीत मतपत्रिका टाकली ती मार्क्सवादावरील प्रेमापोटी नव्हे. फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, कम्युनिस्ट, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन असे एरवी एकमेकांशी न पटणारे पक्ष एकत्र आले होते, आणि मतदाराला मुंबईसह महाराष्ट्र हवा होता. १ मे १९६० रोजी तो मिळाला. ज्या मागणीने समितीला बांधून ठेवले होते ती पूर्ण झाल्यावर समितीही विस्कटली. तोवर द्विसदस्यीय मतदारसंघ रद्द झाल्यामुळे जिल्ह्याची फेरवाटणी झाली होती. १९६२ मध्ये ठाण्यातून काँग्रेसचे सोनुभाऊ बसवंत आणि भिवंडीतून काँग्रेसचेच यशवंतराव मुकणे निवडून आले. मुकणे हे जव्हार संस्थानचे माजी अधिपती. पाच वर्षांपूर्वी जेथे मातेरा यांच्यासारखा साधा आदिवासी खासदार झाला होता, त्याच जिल्ह्याने आता एका राजाला निवडून दिले.

दुसऱ्या भागाचे उत्तर देताना मात्र प्रश्नच थोडा बदलून घ्यावा लागेल. खासदाराने ‘ठाण्यासाठी काय केले’ असे आपण आज विचारतो तेव्हा डोळ्यांपुढे खासदार निधीतून झालेले रस्ते, समाजमंदिरे, बसथांबे असतात. हा निधी १९९३ मध्ये सुरू झाला. परुळेकरांच्या काळात खासदाराच्या हाती खर्चाला एक पैसाही नसे. विरोधी बाकावरील सदस्य कायदाही करू शकत नसे, असे म्हटले तरी चालेल, कारण स्वातंत्र्यानंतर आजवर खासगी सदस्यांची केवळ १४ विधेयके संसदेत मंजूर झाली आहेत आणि त्यांतील शेवटचे १९७० मधील आहे. राहिले ते प्रश्न विचारणे, भाषण करणे आणि मत देणे.

त्या पाच वर्षांत त्यांच्या मतदारांच्या आयुष्याला भिडणाऱ्या दोन गोष्टी तरी घडल्या. पहिली म्हणजे कूळ कायदा. १९४८च्या अधिनियमात झालेल्या दुरुस्तीमुळे १ एप्रिल १९५७ या दिवसापासून कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले जाऊ लागले, आणि अवघ्या चार दिवसांनी, ५ एप्रिलला, दुसरी लोकसभा अस्तित्वात आली. कायदा मुंबई राज्याचा होता, परुळेकरांचा नव्हता. पण कागदावरचे मालकपण सातबाऱ्यावर येण्यासाठी जी खटपट करावी लागे ती किसान सभेच्या कार्यकर्त्यांचे रोजचे काम होऊन बसली. कोकणातील कुळांसाठी १९३७ मध्ये विधानसभेत गेलेल्या माणसाला हा दिवस वीस वर्षांनी पाहायला मिळाला.

दुसरी गोष्ट कटू आहे. १९६० मध्ये मुंबई राज्याच्या पुनर्रचनेचा कायदा याच लोकसभेने मंजूर केला. त्यात परुळेकरांचा पक्ष ज्यासाठी लढला तो मुंबईसह महाराष्ट्र होता, आणि त्याच कायद्यात उंबरगाव तालुक्याची वाटणीही होती. उंबरगाव आणि त्याच्या भोवतीची गावे गुजरातेत गेली, उरलेल्या गावांचा तलासरी तालुका झाला. झरी महाराष्ट्रात राहिले. ज्या तालुक्याने वेठ मोडली त्याच्या मधून राज्याची सीमा गेली आणि वारल्यांचे सगेसोयरे दोन राज्यांत विभागले गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या बहुतेक इतिहासांत बेळगाव आणि डांग यांची नोंद होते. उंबरगाव मात्र एखाद्या तळटीपेत आटोपते, आणि ठाणे जिल्ह्यातील लेखकांनीही ते फारसे मनावर घेतलेले नाही.

१९६२ नंतरची हकिकत थोडी आहे. चीन युद्धाच्या वेळी ऑक्टोबर १९६२ मध्ये आणीबाणी पुकारली गेली आणि भारत संरक्षण नियमांखाली कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली. १९६४ मध्ये पक्ष फुटला तेव्हा परुळेकर पतिपत्नी मार्क्सवादी पक्षाच्या बाजूने राहिले. त्या वर्षाच्या अखेरीस पुन्हा मोठी धरपकड झाली. युद्ध संपून दोन वर्षे होऊन गेली होती, तरी आणीबाणी उठलेली नव्हती. ती उठली १९६८ मध्ये. ऑगस्ट १९६५ मध्ये, कोणताही खटला न चालता स्थानबद्ध असताना, परुळेकरांचे मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात निधन झाले. लोकसभेतून बाहेर पडून त्यांना साडेतीन वर्षेही झाली नव्हती.

जागा मात्र पुढे त्याच विचाराच्या माणसांनी अधूनमधून राखली. १९७७ मध्ये डहाणूतून मार्क्सवादी पक्षाचे लहानू कोम लोकसभेत गेले, आणि २०१९ व २०२४ या दोन्ही विधानसभा निवडणुकांत डहाणूतून त्याच पक्षाचे विनोद निकोले निवडून आले आहेत. १९५७ मध्ये ज्या अर्ध्या मतदारसंघाने लाटेमुळे मत दिले होते तो लाटेबरोबर परत गेला आणि ज्या अर्ध्याने झरीमुळे दिले होते तो अजून पुष्कळसा तेथेच आहे.

प्रश्न : अशा माजी खासदारांना निवृत्तिवेतन मिळत असेल ना?
— एक वाचक, बेलापूर

आज मिळते, तेव्हा मिळत नसे. १९५४च्या अधिनियमानुसार खासदाराचे वेतन महिन्याला ४०० रुपये आणि अधिवेशनाच्या दिवसांचा भत्ता दिवसाला २१ रुपये होता. माजी खासदारांच्या निवृत्तिवेतनाची तरतूद त्यात १९७६ मध्ये आली, म्हणजे परुळेकरांच्या निधनानंतर अकरा वर्षांनी. सध्या एका कार्यकाळासाठी ते महिन्याला ३१,००० रुपये आहे आणि पाच वर्षांपुढील प्रत्येक वर्षासाठी त्यात २,५०० रुपयांची भर पडते. महाराष्ट्रातील माजी आमदारांना २०१६च्या दुरुस्तीनंतर ५०,००० रुपये आणि पुढील प्रत्येक वर्षाचे २,००० रुपये मिळू लागले. एकदाच निवडून येणाऱ्यांची काळजी आता माजी खासदारापेक्षा माजी आमदाराच्या बाबतीत अधिक घेतली जाते, हे आमच्याही जरा उशिरानेच लक्षात आले.

कळव्याच्या शिक्षिकाबाईंनी पत्राच्या शेवटी, परुळेकरांचे नाव कोठे वाचायला मिळेल, असेही विचारले आहे. गोदावरीबाईंचे नाव अनेक ठिकाणी भेटते. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत त्यांच्याच, ‘गोदूताई’ या नावाने उभी आहे. शामरावांसाठी मात्र तलासरीला जावे लागेल. मुंबई-अहमदाबाद महामार्गाने गुजरातच्या सीमेपाशी हे गाव लागते आणि तेथील महाविद्यालयाचे नाव आहे कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर महाविद्यालय. या नावात ते तिसऱ्या शब्दावर आहेत.